भस्माची पारख

निलंगा हे लातूर जिल्ह्यातील एक जुने गाव. तेथील नीलकंठेश्वराचे दगडी मंदिर साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. नीलकंठ हे नाव ज्या कथेवरून पडले, ती कथा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. देव आणि दानव यांनी समुद्रमंथन केले, तेव्हा अमृताच्या आधी हलाहल विष वर आले. त्याच्या दाहाने त्रैलोक्य होरपळू लागले. तेव्हा शंकराने ते विष प्राशन करून कंठात धारण केले आणि त्याचा कंठ निळा झाला.

विष पचविणे देवाला साधले. माणसाला ते साधत नाही. मग विष समोर आले असता माणसाने काय करावे? त्यापासून दूर राहावे, हा एक मार्ग. दुसरा मार्ग अधिक अवघड आहे. विषाचे स्वरूप ओळखावे, त्यात पालट घडवून आणावा, आणि झालेला पालट खरा की खोटा याची पावलोपावली परीक्षा घ्यावी. भारतातील प्राचीन वैद्यांनी हा दुसरा मार्ग धरला. त्यांच्या या विद्येस रसशास्त्र असे म्हणतात. येथे रस या शब्दाचा अर्थ पारा असा आहे. पारा, लोखंड, तांबे, कथील, जस्त, शिसे, सोने, रुपे, अभ्रक अशा धातूंपासून व खनिजांपासून औषधे कशी करावी, हा या शास्त्राचा विषय.

या शास्त्रावर संस्कृतात अनेक ग्रंथ आहेत. त्यांपैकी 'रसरत्नसमुच्चय' हा विशेष प्रसिद्ध आहे. तो सुमारे तेराव्या शतकातील, म्हणजे महाराष्ट्रात देवगिरीच्या यादवांचे राज्य होते त्या काळातील मानला जातो. थोर रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनीही या ग्रंथाचा मोठा आधार घेतला होता. औषधे तयार करण्याची जागा कशी असावी, भट्ट्या व खल कसे असावेत, याचे वर्णन त्यात आहे. एवढेच नव्हे, तर औषध करणारा वैद्य सत्यवचनी असावा, अशीही अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. औषधाच्या ग्रंथात सत्यवचनाची अट कशासाठी घातली असेल? भस्म कसे तयार होते हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

लोखंडाचा खिळा गिळून कोणाच्या अंगात रक्त वाढत नाही. धातू आहे तसा पोटात गेला, तर तो पचत नाही. काही धातू तर अपायच करतात. म्हणून वैद्य प्रथम धातूचे शोधन करीत. लोखंडाचे पातळ पत्रे तापवून लाल करावयाचे आणि ते तिळाच्या तेलात बुडवावयाचे. असे सात वेळा केल्यावर तेच ताकात, मग गोमूत्रात, मग कांजीत आणि शेवटी कुळथाच्या काढ्यात, प्रत्येकी सात वेळा करावयाचे. एकूण पस्तीस वेळा तापवून बुडविल्यावर पत्रा ठिसूळ होतो व त्याचा चुरा होऊ लागतो. हा चुरा खलात घालून त्यात वनस्पतींचे रस ओतून तो घोटतात. या घोटण्याला भावना देणे असे नाव आहे. घोटलेल्या लगद्याच्या लहान चपट्या वड्या करून त्या उन्हात वाळवितात. नंतर मातीच्या दोन परळांत त्या बंद करतात, परळांच्या सांध्यावर चिखलात भिजविलेले कापड गुंडाळतात, आणि तो संपुट गोवऱ्यांच्या अग्नीत ठेवतात.

या अग्नीला पुट म्हणतात. पुटांचे लहानमोठे प्रकार आहेत आणि त्यांची नावे मोठी गमतीची आहेत. सर्वांत लहानांपैकी एक कपोतपुट, म्हणजे कबुतराएवढे. त्याहून मोठे कुक्कुटपुट. त्याहून मोठे वराहपुट. आणि मग गजपुट. गजपुटासाठी जमिनीत चौरस खड्डा खणतात, खाली सुमारे एक हजार गोवऱ्या रचतात, मध्ये संपुट ठेवतात आणि वर पाचशे गोवऱ्या घालून अग्नी देतात. आग भरात असताना खड्ड्यातील उष्णता नऊशे ते हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. दुसऱ्या दिवशी सारे निवाले म्हणजे संपुट फोडतात, वड्या पुन्हा खलात घालतात, पुन्हा भावना, पुन्हा पुट. काही भस्मे थोड्या पुटांत तयार होतात. अभ्रकभस्माला मात्र शंभर, आणि सहस्रपुटी करावयाचे असल्यास हजार पुटे द्यावी लागतात. असे औषध एका महिन्यात होत नाही. त्याला काही वेळा वर्षे लागतात.

आता धातूचे काय झाले? उघड्यावर पडलेल्या लोखंडाला गंज चढतो हे प्रत्येकाने पाहिलेले असते. हवेतील ऑक्सिजन व ओलावा यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन त्याचे नवे संयुग बनते. चकाकी जाते, चिवटपणा जातो, लोखंडाचा तांबूस भुगा होतो. पुटातही मूलतः असेच काही घडते, परंतु ते वेगाने, प्रखर उष्णतेत आणि ठरलेल्या क्रमाने घडते. लोहभस्म हे मुख्यतः लोखंड व ऑक्सिजन यांचे संयुग असते. कथिलाचे वंगभस्म व जस्ताचे यशदभस्म ही देखील त्या त्या धातूंची ऑक्सिजनशी झालेली संयुगे होत. पारा व गंधक एकत्र खलले म्हणजे काजळासारखी काळी कज्जली होते. त्यात पारा गंधकाशी बांधला जातो. मूळ धातू आणि त्याचे संयुग यांचे गुणधर्म निराळे असतात, ही गोष्ट आज शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातही असते. रसवैद्यांना ती शतकांपूर्वी अनुभवाने उमगली होती.

परंतु येथेच एक मोठी अडचण उभी राहते. परळ बंद, आग खड्ड्यात, आत काय घडते ते डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या दिवशी गोवऱ्या ओल्या असतात, एखाद्या दिवशी वारा जोराचा सुटतो, एखाद्या वेळी वनस्पतीचा रस पातळ निघतो. एका खाणीतील अभ्रक दुसऱ्या खाणीतील अभ्रकासारखे नसते. त्यातच कोणी घाईचा असला, तर शंभर पुटांच्या जागी साठच देऊन मोकळा होईल. बाहेरून पाहता दोन्ही भस्मे सारखीच लाल. रोग्याला तो फरक कळावयाचा कसा? अर्धकच्चे भस्म पोटात गेले, तर औषधाच्या नावाने त्याला अपाय व्हावयाचा. वैद्य सत्यवचनी असावा, ही अट म्हणूनच घालावी लागली. मात्र ग्रंथकारांनी केवळ वैद्याच्या सत्यवचनावर विसंबून काम भागविले नाही. खुद्द भस्मालाच साक्षीला उभे करण्याची युक्ती त्यांनी काढली. ही युक्ती म्हणजे भस्मपरीक्षा.

पहिली परीक्षा रंगाची. प्रत्येक भस्माचा रंग ठरलेला. लोहभस्म पिकल्या जांभळाच्या रंगाचे, अभ्रकभस्म विटेसारखे तांबडे, ताम्रभस्म काळे, वंगभस्म पांढरे. रंग चुकला की कोठे तरी पुट चुकले असे समजावे.

दुसरी परीक्षा रेखापूर्णत्वाची. चिमूटभर भस्म अंगठा आणि तर्जनी यांत चोळावे. बोटाच्या कातडीवर ज्या बारीक रेषा असतात, त्यांच्या खोबणीत भस्म शिरून बसले पाहिजे. कण जाडे राहिले असतील, तर ते रेषांच्या वर राहतात आणि फुंकरीने उडून जातात.

तिसरी परीक्षा निश्चंद्रत्वाची. भस्म उन्हात धरून पाहावे; एकही कण चमकता कामा नये. चमक दिसली, तर धातू किंवा अभ्रक अजून मूळ रूपात शिल्लक आहे असे जाणावे.

चौथी परीक्षा पाहणाऱ्याला चकित करते. तिचे नाव वारितरत्व. वाटीतील निश्चल पाण्यावर चिमटीने भस्म भुरभुरावे. ते तरंगले पाहिजे. लोखंड तर पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. मग त्याचे भस्म तरंगते कसे? ते पाण्याहून हलके होते असे नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखा एक गुण असतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. शिवणाची बारीक सुई पाण्यावर अलगद आडवी ठेवली तर ती याच ताणामुळे बुडत नाही. विहिरीतील पाण्यावर लांब पायांचे किडे धावतात तेही यामुळेच. भस्माचे कण अतिशय सूक्ष्म असले, म्हणजे हा पडदा त्यांना पेलून धरतो. जाडे कण त्यातून खाली जातात. याच परीक्षेची पुढची पायरीही आहे. तरंगणाऱ्या भस्माच्या थरावर तांदळाचा एक दाणा हळूच ठेवावा. तोही न बुडता राहिला, तर भस्म उत्तम.

पाचवी परीक्षा सर्वांत कठोर आहे. तिचे नाव अपुनर्भव. म्हणजे पुन्हा जन्म नसणे. भस्मात गूळ, गुंज, मध, तूप व टाकणखार मिसळून ते मुशीत घालून तीव्र तापवावे. गूळ व तूप जळून त्यांचा कोळसा होतो, आणि तापलेला कोळसा संयुगातील ऑक्सिजन ओढून घेऊन धातूला मोकळे करू पाहतो. थोडक्यात, धातूने आपल्या मूळ रूपात परत यावे म्हणून त्याला जणू आमंत्रणच दिले जाते. इतके करूनही धातूचा चकाकता मणी दिसला नाही, तर भस्म पक्के झाले असे मानावे. दुसरी एक परीक्षा निरुत्थ नावाची. भस्माबरोबर तोललेला चांदीचा तुकडा तापवावा आणि निवल्यावर पुन्हा तोलावा. भस्मात मोकळा धातू उरला असेल, तर तो चांदीत मिसळतो आणि चांदीचे वजन वाढते. वजन तेवढेच राहिले, तर भस्म उत्तीर्ण. ताम्रभस्मासाठी तर अगदी घरगुती कसोटी आहे. ते दह्यात मिसळून ठेवावे. दह्यास हिरवट निळी छटा आली, तर तांबे कच्चे राहिले आहे. कल्हई उडालेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे घरोघरच्या गृहिणींना ठाऊक होते. ही कसोटी तीच.

या सर्व परीक्षांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यांतील कोणतीही परीक्षा एकटी पुरेशी नाही. चुलीतील बारीक राखही पाण्यावर तरंगते; कणकेचे पीठही बोटाच्या रेषांत भरते. म्हणून ग्रंथकारांनी एक परीक्षा न सांगता अनेक सांगितल्या आणि भस्म त्या सर्वांतून पार पडले पाहिजे, असा दंडक घातला. न्यायालयात एका साक्षीवर निकाल देत नाहीत, तसाच हा प्रकार.

पूर्वी वैद्य स्वतःच औषध करी आणि स्वतःच रोग्याला देई. निलंग्यासारख्या गावात रोगी वैद्याला ओळखत असे आणि वैद्य रोग्याच्या तीन पिढ्यांना ओळखत असे. औषध बिघडले, तर दुसऱ्या दिवशी दोघांची गाठ पडणार हे ठरलेले. पुढे काळ बदलला. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे धूतपापेश्वर या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. देशात इतरत्रही असे कारखाने निघाले. त्यामुळे औषधे दूरदूरच्या गावी मिळू लागली, ही मोठी सोय झाली. परंतु औषध करणारा एका गावी आणि घेणारा शेकडो मैलांवर, अशी स्थिती आली. दोघांमध्ये आता ओळख उरली नाही. उरली ती केवळ बाटलीवरील चिठ्ठी. ती चिठ्ठी खरी आहे याची हमी कोणी द्यावयाची?

हीच अडचण बाजारातील वजनमापांच्या बाबतीतही पूर्वी होती. गावोगावच्या पायल्या सारख्या नसत. एका गावची तूर दुसऱ्या गावच्या पायलीने मोजली की भांडणे होत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम, ग्रॅम अशी दशमान वजने देशात प्रचारात येऊ लागली. सरकारी शिक्का असलेले वजन निलंग्यात व मुंबईत सारखेच भरते. ज्याच्याशी ताडून बाकी सर्व वस्तू पाहावयाच्या, असे सर्वमान्य माप म्हणजे प्रमाण. औषधांसाठी असे प्रमाण ठरविणे याला प्रमाणीकरण म्हणतात. भस्माची मात्रा पूर्वी गुंजेने मोजीत. परंतु गुंज हे वेलीवरचे बी. एक बी थोडे मोठे, एक थोडे लहान. आता आयुर्वेदीय औषधांच्या ग्रंथात एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम असे निश्चित केले आहे. प्रमाणीकरणाचे हे अगदी साधे उदाहरण होय.

मात्रेपुरते हे झाले. औषधाच्या गुणवत्तेचे प्रमाण कोणी ठरवावयाचे? औषधांसंबंधीचा मुख्य कायदा १९४० चा. १९६४ साली त्यात आयुर्वेदीय व युनानी औषधांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. १९७० साली गाझियाबाद येथे भारतीय औषधांची प्रमाणे ठरविण्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७८ साली आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात कोणते औषध कोणत्या द्रव्यांपासून व कसे करावे हे नमूद केले आहे. पुढे धातू व खनिजे यांच्यासाठी आयुर्वेदीय औषधिकोशाचा स्वतंत्र खंड २००८ साली निघाला. २००० साली कारखान्यांची स्वच्छता, जागा, नोंदी व तपासणी यांविषयी नियम जाहीर झाले. एकाच वेळी तयार झालेल्या मालास एक क्रमांक द्यावयाचा आणि त्याची सर्व नोंद ठेवावयाची, ही पद्धती आता आवश्यक झाली आहे.

हे सारे करण्याची निकड किती होती, हे एका घटनेने जगाला दाखवून दिले. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून तेथील संशोधकांनी दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदीय औषधे विकत घेऊन तपासली. २००४ च्या डिसेंबरात त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ७० पैकी १४ औषधांत, म्हणजे पाचांत एका औषधात, शिसे, पारा किंवा सोमल यांचा अंश सापडला. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. पाऱ्याने मूत्रपिंडे व मज्जा यांना इजा होते. सोमल तर विष म्हणूनच प्रसिद्ध आहे. विश्वासाने घेतलेल्या औषधातून असे काही पोटात जावे, याहून मोठा विश्वासघात कोणता? भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून परदेशी पाठविल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांची अशी तपासणी सक्तीची केली. त्यासाठी मर्यादाही घालून दिल्या. दहा लाख भागांत शिसे १० भागांहून आणि पारा १ भागाहून अधिक असता कामा नये. दहा लाख तांदळाच्या दाण्यांत दहाच खडे असावेत, असा हा हिशेब आहे.

इतके बारीक खडे बोटाने किंवा डोळ्यांनी वेचता येत नाहीत. जुन्या परीक्षांची मर्यादा येथे दिसून येते. भस्म तरंगले, रेषांत भरले, चमकले नाही, म्हणजे ते सूक्ष्म आहे आणि धातूची चकाकी गेली आहे एवढे कळते. त्यात दुसऱ्या कोणत्या धातूचा अंश लपला आहे काय, आणि असल्यास किती, हे मात्र वाटीतील पाणी सांगू शकत नाही. त्यासाठी आधुनिक उपकरणे लागतात.

त्यांचे मूळ तत्त्व अवघड नाही. चुलीच्या ज्योतीत मिठाची चिमूट टाकली, तर ज्योत पिवळी होते. तांब्याच्या क्षाराने ती हिरवी होते. प्रत्येक मूलद्रव्याचे प्रकाशाशी असे स्वतःचे नाते असते. ज्योतीत कोणते द्रव्य आहे आणि ते किती प्रकाश शोषून घेते, हे मोजणारे उपकरण दहा लाखांतील एक भागही हुडकून काढते. दुसरे उपकरण भस्मावर क्ष-किरण टाकते. प्रत्येक स्फटिकमय पदार्थ हे किरण आपल्या ठरीव रीतीने परावृत्त करतो. जणू तो त्याच्या अंगठ्याचा ठसाच. त्यावरून भस्मात मोकळा धातू आहे की त्याचे संयुग, आणि संयुग असेल तर कोणते, हे समजते. तिसरे उपकरण म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असलेले भस्माचे कण त्यातून स्पष्ट दिसतात. गोवऱ्यांच्या खड्ड्याऐवजी आता पुष्कळ ठिकाणी विजेची भट्टी वापरतात. तिची उष्णता हवी तेवढी आणि हवा तितका वेळ राखता येते व ती लिहूनही ठेवता येते. त्यामुळे आज केलेले भस्म आणि सहा महिन्यांनी केलेले भस्म यांत फरक पडू नये, हे पाहणे सोपे झाले आहे.

सर्वच नव्या परीक्षांना मोठी यंत्रे लागतात असे नाही. विसाव्या शतकात नांबुरी हनुमंतराव यांनी एक सुलभ परीक्षा शोधून काढली. विशिष्ट क्षारात भिजवून वाळविलेल्या कागदावर भस्माच्या द्रावणाचा एक थेंब टाकावयाचा आणि त्याचा डाग कसा पसरतो, त्याभोवती कोणत्या रंगाची वलये उमटतात, ते ठरलेल्या वेळाने पुनःपुन्हा पाहावयाचे. प्रत्येक भस्माचा डाग निराळा. जुन्या काळच्या वैद्याची नजर आणि नव्या काळचे रसायनशास्त्र यांची येथे भेट झालेली दिसते.

तरीही एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. भस्म प्रमाणाप्रमाणे उतरले, म्हणजे ते ठरल्याप्रमाणे तयार झाले आहे इतकेच सिद्ध होते. त्याने अमुक रोग बरा होतो, किंवा ते कोणालाही निर्धोक आहे, असे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी रोग्यांवर काळजीपूर्वक केलेले निराळे संशोधन लागते. पारा, शिसे व सोमल यांच्या औषधांविषयी आजही शास्त्रज्ञांच्या मनात गंभीर शंका आहेत. विष समजल्या जाणाऱ्या द्रव्यांची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावी, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापण्याचे बंधन कायद्यानेही घातले आहे. म्हणून कोणी शेजाऱ्याने सांगितले, कोणी बाजारात पुडी विकली, म्हणून भस्म घेऊ नये. पुडीवर करणाऱ्याचे नाव नाही, परवान्याचा क्रमांक नाही, तयार केल्याची तारीख नाही, अशी पुडी म्हणजे शिक्का नसलेले वजन होय.

आज निलंग्यात औषधनिर्माणशास्त्र शिकविणारे महाविद्यालय आहे. नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि आयुर्वेदाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला रसशास्त्र हा विषय शिकावा लागतो. तेथील विद्यार्थ्याच्या हातात एका बाजूला खल असतो आणि दुसऱ्या बाजूला तराजू. तो बोटांत भस्म चोळून रेषा पाहतो, वाटीतील पाण्यावर भस्म भुरभुरवतो, आणि शिवाय वहीत आकडे लिहितो. बोटाने दिलेली साक्ष आणि यंत्राने दिलेली साक्ष जुळली, तरच तो पुढे जातो. न जुळली, तर भस्म पुन्हा पुटात घालतो किंवा टाकून देतो. महिनोन् महिने खपून केलेले भस्म टाकून देणे सोपे नसते. परंतु ते ज्याच्या पोटात जावयाचे, तो रोगी त्याला ठाऊक नसतो; कदाचित ते एखादे लहान मूलही असेल. त्या अनोळखी रोग्यासाठी स्वतःचे श्रम वाया घालविण्याची तयारी हेच औषध करणाराचे सत्यवचन होय.

नीलकंठाने विष कंठात अडविले, ते खाली पोटात उतरू दिले नाही. माणसाजवळ तसा कंठ नाही. त्याच्याजवळ आहे ती परीक्षा. वाटीभर पाण्यापासून क्ष-किरणांपर्यंत तिची साधने बदलत आली, पुढेही बदलतील. औषध रोग्याच्या ओठी लागण्यापूर्वी ते पारखून घेण्याचे कर्तव्य मात्र तेराव्या शतकातील रसवैद्याचे होते, तेच आजच्या औषधनिर्मात्याचेही आहे.